नावं ठेवलेली गाणीच पुन्हा का हवीशी वाटतात?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून कॅसेटचा एखादा खोका खाली येतो. वाजवायला टेप उरलेला नसतो, तरी खोका टाकवत नाही. नव्वदच्या दशकात शाळा-कॉलेजात असलेल्यांच्या खोक्यात 'आशिकी', 'साजन', 'बाजीगर' ठरलेले. जरा खोल हात घातला तर अल्ताफ राजाही निघतो. ज्या घरांत गीतरामायण आणि नाट्यसंगीताचा राबता होता, तिथे ही गाणी थिल्लर, रडकी, 'रिक्षात वाजणारी' म्हणून हिणवली जात. ज्यांना ती आवडायची तेही चारचौघांत तसं कबूल करत नसत. आज चाळिशी-पन्नाशीला आलेल्या याच माणसांच्या कानावर त्यातलं एखादं गाणं अवचित पडलं, की सगळा काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. तेव्हाच्या 'चांगल्या' गाण्यांनी मात्र तसं होईलच असं नाही.

असं का होतं, याचं उत्तर गाण्याच्या दर्जात शोधून सापडत नाही. ते स्मृतीच्या कामकाजात आहे, आणि थोडंसं समाजातल्या उच्च-नीच भावनेतही.

आधी आजार, मग रंजन

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझलमधल्या आपल्या प्रबंधात घडवला. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. परदेशी राहावं लागलेल्या स्विस माणसांना जडणारा तो एक आजार आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मराठीत यासाठी रूढ झालेल्या 'स्मरणरंजन' या शब्दात वेदनेचा मागमूस नाही. 'गतकातरता' हा कमी वापरला जाणारा शब्द होफरच्या अर्थाच्या जास्त जवळ जातो.

या आजाराचं नातं पहिल्यापासून गाण्याशी जोडलं गेलं. स्विस गुराखी गुरं हाकताना जी धून वाजवत, ती ऐकून परमुलखात चाकरी करणारे स्विस सैनिक रडू लागत, पळून जात, म्हणून ती वाजवायला बंदी होती, असं रूसोने आपल्या १७६८ च्या संगीतकोशात लिहिलं आहे. त्यापुढचं त्याचं निरीक्षण अधिक मोलाचं आहे. एवढा परिणाम घडवून आणेल असं त्या धुनेत काहीही सापडत नाही, आणि परक्या माणसावर तिचा तसा परिणामही होत नाही, असं तो म्हणतो. धून तिथे संगीत म्हणून काम करत नाही, ती आठवणीची खूण म्हणून काम करते. पुढे अडीचशे वर्षांनी प्रयोगशाळांत जे तपासलं गेलं, त्याचा गाभा या निरीक्षणात आहे.

आठवणींचा उंचवटा

वयस्कर माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या तर त्या सगळ्या वर्षांत सारख्या विखुरलेल्या नसतात. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. मानसशास्त्रात याला 'रेमिनिसन्स बम्प' म्हणतात, म्हणजे आठवणींचा उंचवटा. पहिलं प्रेम, पहिली नोकरी, घर सोडून पहिल्यांदा दुसऱ्या गावी राहणं अशा बहुतेक 'पहिल्या' गोष्टी याच वर्षांत घडतात. आपण कोण, हेही माणूस तेव्हाच ठरवत असतो.

गाण्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे त्यांनी १६ ते ८६ वयाच्या १०८ जणांना ऐकवले. गाणं गाजलं तेव्हा ऐकणारा सुमारे साडेतेवीस वर्षांचा असेल, तर पसंती सर्वांत जास्त, असं त्यात दिसलं. नंतरच्या काही अभ्यासांत हे शिखर आणखी अलीकडे, ऐन पौगंडावस्थेत सरकलं.

२०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या विद्यार्थ्यांना १९५५ पासूनची गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या आठवणींचा एक उंचवटा अपेक्षेप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या काळात आला. दुसरा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला, म्हणजे त्यांचे आई-वडील तरुण होते तेव्हा. घरात, गाडीत जे वाजतं ते मुलांच्याही स्मृतीत उतरतं. आज पंचविशीत असलेल्या अनेकांना कुमार सानूची गाणी तोंडपाठ असतात, त्याचं आश्चर्य वाटायला नको.

न आवडलेलंही आठवतं

इथवरच्या शोधांवरून वाटेल, की आपण तरुणपणी जे आवडीने ऐकलं तेच आठवतं. तसं नाही. इंग्लंडमधल्या डरहम विद्यापीठाच्या केली याकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १८ ते ८२ वयाच्या ४७० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास गाजलेल्या गाण्यांशी सर्वांत जास्त आठवणी जोडलेल्या निघाल्या. पण तीच गाणी लोकांना सर्वांत जास्त आवडत होती असं मात्र दिसलं नाही. आवड आणि आठवण या दोन निराळ्या वाटा आहेत. गाणं आवडो न आवडो, ते त्या दिवसांत आजूबाजूला वाजत होतं, एवढं आठवणीला पुरतं.

मराठी शहरांत आणि गावांत ते कुठे वाजत नव्हतं? एसटी स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये, केशकर्तनालयात, वडापच्या जीपमध्ये, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या हॉलमध्ये. कान मिटता येत नाहीत. ज्याने आयुष्यात एकही कॅसेट विकत घेतली नाही, त्याच्याही डोक्यात 'आशिकी'ची गाणी शब्दांसकट बसली.

मग प्रश्न उरतो, की 'वाईट' ठरलेली गाणी 'चांगल्या' गाण्यांपेक्षा जोरकस का ठरतात. याचा एक धागा स्मृतीच्या जुन्या नियमात मिळतो. एकाच खुणेला जितक्या जास्त आठवणी जोडल्या जातात, तितकी ती खूण त्यातली नेमकी एक आठवण वर काढायला कमी उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ याला खुणेवरचा भार म्हणतात. लता मंगेशकर किंवा किशोर कुमार यांची अजरामर गाणी कधी थांबलीच नाहीत. ती विविध भारतीवर, स्पर्धांच्या कार्यक्रमांत, मित्राच्या साठीच्या समारंभात, गेल्या आठवड्यात टॅक्सीत अशी सतत ऐकली गेली. त्यांच्यावर चाळीस वर्षांचे थर आहेत. उलट १९९३ च्या एखाद्या पडेल चित्रपटातलं गाणं फॅशन गेल्यावर कोणी वाजवलंच नाही. त्यावर पुढचा एकही थर बसला नाही. ते पुन्हा वाजतं तेव्हा सोबत फक्त १९९३ घेऊन येतं. म्हणजे लोकांनी त्या गाण्याला टाकून दिलं, आणि त्यामुळेच ते जसंच्या तसं टिकलं.

कॅसेट आणि तिचे श्रोते

फिलिप्स कंपनीने कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये बाजारात आणली, पण भारतात तिची लाट ऐंशीच्या दशकात आली. तोवर ग्रामोफोन रेकॉर्डच्या बाजारावर एचएमव्हीचं राज्य होतं, आणि रेकॉर्ड प्लेअर ही खात्यापित्या घरातली वस्तू होती. दिल्लीतल्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये टी-सीरीज उभी केली. कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीच्या आधाराने त्यांनी जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या काढल्या, किंमत खाली आणली, आणि कॅसेट किराणा दुकानात, पानाच्या टपरीवर नेऊन ठेवली. संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात हे सविस्तर नोंदवलं आहे. संगीत विकत घेणारा माणूसच बदलला, हे त्याचं सार म्हणता येईल.

१९९० चा 'आशिकी' या बदलाचं शिखर होता. संगीत नदीम-श्रवण यांचं, बहुतेक शब्द समीर यांचे, आवाज कुमार सानू आणि मराठी भावगीतांतून आधीच ओळखीच्या झालेल्या अनुराधा पौडवाल यांचे. त्यानंतर कुमार सानूंना सलग पाच वर्षं फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'आशिकी', 'साजन', 'दीवाना' आणि 'राजा हिंदुस्तानी' यांसाठी नदीम-श्रवण यांनाही. तरीही जाणकारांच्या गप्पांत हे संगीत कधी मानाने बसलं नाही. ढोलकीचा तोच ठेका, व्हायोलिनची तीच लाट, नाकातला आवाज, किशोर कुमारची नक्कल, पाकिस्तानी गाण्यांवरून उचललेल्या चाली, ही टीका तेव्हाही होत होती आणि तिच्यातला बराच भाग खराही होता. त्यातच 'झंकार बीट्स' आले. मूळ गाण्यावर इलेक्ट्रॉनिक तालाचा आणखी एक थर चढवलेल्या या कॅसेट ट्रक आणि रिक्षांच्या स्पीकरसाठी जणू मापात शिवलेल्या होत्या.

मराठीत हे आणखी आधी घडलं होतं. आनंद शिंदे यांच्या पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या बळावर सगळा महाराष्ट्र पालथा घातला. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे हे भक्तिगीतं, कव्वाली आणि भीमगीतांचे मोठे गायक. पण ज्या मध्यमवर्गीय घरांत भावगीत म्हणजेच मराठी गाणं असं समीकरण होतं, तिथे या परंपरेची वेगळी दखल घेतली गेली नाही. सगळं एकाच 'लाउडस्पीकरच्या' खात्यात टाकलं गेलं. चालीवरची टीका अनेकदा ती चाल ऐकणाऱ्या वस्तीवरची, जातीवरची टीका असते, हे इथे लपत नाही.

नावं कोण ठेवतं?

आपली आवड म्हणजे निव्वळ आपल्या कानांचा कौल, या समजुतीला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ च्या 'ला दिस्तँक्सियाँ' या ग्रंथात मोठा धक्का दिला. माणसं आवडीनिवडीतून समाजातली आपली पायरी दाखवतात, आणि त्यासाठी काय आवडतं यापेक्षा काय आवडत नाही हे सांगणं जास्त कामाला येतं, असा त्यांचा मुद्दा होता.

योगायोग असा, की त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्को संगीताच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला गेला. जमाव मैदानात घुसला आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. डिस्को उथळ आहे, असं सांगितलं जात होतं. पण ते कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांमधून वर आलेलं संगीत होतं, आणि तिथे जळत होतं ते फक्त प्लास्टिक नव्हतं, असं नंतरच्या अनेक अभ्यासकांनी लिहिलं. २०१३ मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या जगभर गाजलेल्या 'गेट लकी'त गिटार वाजवत होते 'शीक' या डिस्को बँडचे नाइल रॉजर्स.

त्यातून आणखी एक बदल झाला आहे. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न यांनी १९९६ मध्ये अमेरिकेबद्दल दाखवून दिलं, की प्रतिष्ठित वर्ग आता फक्त अभिजात संगीताला चिकटून राहत नाही, सगळंच थोडं थोडं चाखतो. मोठेपणाची खूण 'मी हलकं ऐकत नाही' ही राहिली नाही, 'मी सगळं ऐकतो' ही झाली. अशा वेळी जुन्या 'थिल्लर' गाण्याला परत यायला दार उघडं मिळतं. गंमत म्हणून, जरा डोळा मिचकावून का होईना.

हिंदीत हे परतणं 'दम लगा के हईशा' (२०१५) या शरत कटारियांच्या चित्रपटात फार चांगलं दिसतं. नव्वदच्या दशकातलं हरिद्वार, कॅसेटचं दुकान चालवणारा आणि कुमार सानूंवर जीव टाकणारा नायक, आणि सानू व साधना सरगम यांच्या आवाजात अनू मलिक यांचं नवंकोरं 'जुनं' गाणं. चित्रपट त्या संगीताची टर उडवत नाही, ही त्यातली खरी गोष्ट. नागपूरच्या अल्ताफ राजांना २०१३ मध्ये 'घनचक्कर'साठी अमित त्रिवेदींनी गायला बोलावलं. आनंद शिंदे तर त्याआधीच अजय-अतुल यांच्या 'कोंबडी पळाली'तून (२००६) त्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत पोचले होते, जिथे त्यांच्या कॅसेटला जागा नव्हती.

शरदातच का?

गतकातरता आणि हवामान यांचा संबंध मोजला गेला आहे. झोऊ शिन्युए आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांकडून ३० दिवस नोंदी करून घेतल्या, तेव्हा थंड दिवशी जुन्या आठवणींनी जास्त उचल खाल्ली. २०, २४ आणि २८ अंश सेल्सिअसच्या तीन खोल्यांत बसवलं, तर सर्वांत थंड खोलीतल्यांना जास्त गतकातर वाटलं. दुसऱ्या बाजूने, अशा आठवणींत रमलेल्यांना खोली उबदार भासली. एकटेपणा आणि उदासी यांनीही ही भावना जागी होते, हे साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या टिम विल्डशूट आणि कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे ती दुखण्यापेक्षा दुखण्यावरच्या शेकासारखी वागते.

हे युरोपातल्या पानगळीला चपखल बसतं. महाराष्ट्रातल्या शरदाला नाही. आश्विनात इथे ऑक्टोबरचं ऊन भाजतं, आणि थंडी कार्तिक लागल्यावर कुठे डोकावते. इथे काम करतं ते पंचांग. भाद्रपदाच्या वद्य पक्षात गेलेल्यांची आठवण काढूनच हा काळ सुरू होतो. मग नवरात्र, कोजागरी, सहामाही परीक्षा संपल्याची सुटका, दिवाळीची सुट्टी, मामाचं गाव. दरवर्षी तेच वास, तेच पदार्थ, तीच माणसं, किंवा त्यातलं एखादं माणूस कमी. गेलेली वर्षं मोजायला याहून सोयीचा काळ नाही. १९०९ साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून या स्मरणाला छापील जागाही मिळाली.

आणि गाणी तर थेट या ऋतूशी बांधलेली आहेत. हिंदी चित्रपटसृष्टी आपला मोठा माल दिवाळीला बाहेर काढते. 'बाजीगर' नोव्हेंबर १९९३, 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' ऑक्टोबर १९९५, 'राजा हिंदुस्तानी' नोव्हेंबर १९९६, 'कुछ कुछ होता है' ऑक्टोबर १९९८. कॅसेट चित्रपटाच्या आधीच दुकानात यायच्या. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी गाण्यांचं पहिलं ऐकणं म्हणूनच फराळाच्या तयारीच्या आणि आकाशकंदिलांच्या दिवसांत झालेलं आहे. न्यू जर्सी किंवा टोरांटोतल्या मराठी माणसाला याच दिवाळीबरोबर पानगळ आणि थंडीही मिळते, त्यामुळे त्याची दोन्हीकडून कोंडी होते.

जिथे हे कामाला येतं

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेताना या सगळ्याला वेगळंच वजन येतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. कॅलिफोर्नियातले पीटर जनाटा यांनी २००९ मध्ये दाखवलं, की ओळखीचं गाणं आणि त्याला जोडलेली आठवण एकत्र जागी होताना कपाळामागच्या मेंदूचा मधला भाग काम करतो. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा खालावतो. दीर्घकाळ परिचित असलेल्या संगीताशी संबंधित मेंदूचे भाग या आजारात बऱ्यापैकी शाबूत राहतात, असं २०१५ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं. मुलांची नावं विसरलेला माणूस जुनं गाणं अख्खं म्हणतो, ते यामुळे.

यातून चमत्काराची अपेक्षा मात्र करू नये. संगीतावर आधारित उपचारांच्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार नैराश्याची लक्षणं आणि एकंदर वागण्यातल्या अडचणी कमी व्हायला त्यांची मदत होते. बुद्धीच्या क्षमता सुधारण्यात किंवा आक्रमकपणा कमी होण्यात त्यांचा फारसा वाटा नाही.

घरात चुकतं ते निवडीत. आजी-आजोबा म्हटलं की भजन, अभंग, फार तर नाट्यगीत लावलं जातं, कारण म्हातारपणाला ते शोभतं. पण उपयोगी पडतं ते त्या माणसाच्या चौदा ते पंचविशीतलं गाणं, मग ते शोभो न शोभो. हिशेब सोपा आहे. १९४८ साली जन्मलेल्या माणसासाठी १९६२ ते १९७३ या काळात शोधावं. तमाशाच्या बोर्डावरची लावणी, दादा कोंडके, गिरणगावातल्या शाहिराचा पोवाडा, शम्मी कपूर, जे त्याच्या आसपास वाजत होतं ते. त्याला स्वतःला सांगता येत नसेल तर भावंडांना, शेजाऱ्यांना, जुन्या सहकाऱ्यांना विचारावं, आणि तो कुठल्या गावात, कुठल्या कामावर होता हेही विचारावं. आवाज बेताचा ठेवावा, एका वेळी एकच गाणं लावावं, ऐकताना चेहऱ्याकडे लक्ष ठेवावं. एखाद्या गाण्याने अस्वस्थता वाढली तर ते बंद करून पुन्हा लावू नये, कारण खुणेमागची आठवण कुठली आहे हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. १९७५ च्या सुमारास जन्मलेल्यांची पाळी येईल तेव्हा त्यांच्या यादीत कुमार सानू आणि अल्ताफ राजा असतील. ती यादी आत्ताच लिहून मुलांच्या हाती दिली, तर त्यांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही.